कोपरा कापलेली एकतीस कार्डं

॥ श्री ॥
तोंडवळी, ता. मालवण
सोमवार, १५ फेब्रुवारी १९६५

तुमच्या विद्यापीठात कात्री कोणाच्या हातात असते ते आधी कळव. खुशाली मग. एक कार्ड चुकून कापलं गेलं असतं तर मी समजले असते. एकतीस कार्डं, आणि एकतीसही वरच्या डाव्या कोपऱ्याला, एका मापाने. टपालात फाटली असतील असं म्हणायलाही जागा ठेवली नाहीत.

चि. गुरुदास यास आजीचे आशीर्वाद. माझा दमा आहे तसा आहे.

शनिवारी दहाच्या सुमाराला गंगाराम पोस्टमन आला. एरवी तो माडांतूनच ओरडत येतो, कोणाचं काय आलं ते तो पोचायच्या आधी कळतं. परवा गप्प आला. पिशवी माझ्या खळ्यात ठेवली आणि उभाच राहिला.

"आजये, ही कार्डां मी कशी वाटू? एका दिवसात एकतीस घरांत?"

"वाचलंस?"

"कोपरो गेल्ला कार्ड पोस्टमन वाचता काय कधी?"

तुला हे सांगायला नको, पण तुमच्या हेडसाहेबांना वाचून दाखवशील म्हणून लिहिते. आमच्याकडे कोणी वारलं की कळवणारा कार्डाचा कोपरा फाडून धाडतो. ते कार्ड घरात न्यायचं नाही. बाहेरच वाचायचं, फाडायचं, अंघोळ करायची. वाडीतल्या निम्म्याहून जास्त घरांतला पुरुष बोटीवर. कोणीतरी म्हणालं, बोट बुडली असेल. तेवढं पुरलं.

शाळेतले मास्तर बाराला आले. तोवर अकरा घरच्या चुली विझल्या होत्या. धोंडूची आई विहिरीवर डोक्यावरून घागरी ओतत होती आणि तिच्या हाताला कोणी धरत नव्हतं. मास्तरांनी एक कार्ड वाचलं, दुसरं वाचलं, मग सगळी मागून घेतली. सगळ्यांवर एकच छापलेलं. "गेल्या वर्षी पंतप्रधान वारल्याची बातमी आपणांस प्रथम कोणाकडून समजली? रेडिओ, वर्तमानपत्र, शेजारी, इतर. योग्य ठिकाणी खूण करून जोडकार्ड परत पाठवावे." खाली तुमच्या वृत्तपत्रविद्या विभागाचा शिक्का.

काही माणसं हसली. धोंडूची आई हसली नाही, तिने तुमच्या हेडसाहेबांच्या सात पिढ्यांची नावं घेतली. संध्याकाळपर्यंत सगळं थंड झालं. एक घर सोडून.

बाळा कुबलची बायको सुभद्रा तुला आठवत असेल, वालावलीची, तीन वर्षांमागे लग्न होऊन आली. बाळा मालाच्या बोटीवर खलाशी आहे. मास्तर येईपर्यंत सुभद्राच्या बांगड्या फुटल्या होत्या. बाया जमल्या होत्या, गडबड होती, कोणी फोडल्या ते विचारत बसू नको. तिची सासू आनंदीबाई मालवणला बाजारात होती. परत आली तर सून पांढरे हात घेऊन पायरीवर बसलेली आणि मुलगा जिवंत. आनंदीबाई तुला ठाऊक आहे. ओरडली नाही. म्हणाली, "कार्ड वाचूच्या आदी काकणां फोडणारी बायल घोवाच्या मरणाची वाट बघत आसतली. ही माज्या घरात नको." काल सकाळच्या गाडीने सुभद्रा माहेरी गेली. गाठोडं पण आनंदीबाईनेच बांधून दिलं, नीट घड्या घालून.

वाडीने समजावलं तर म्हणते, पोरीसाठी वाडी खोटं बोलेल. ज्यांनी कार्ड धाडलं त्यांनी सांगावं. तेव्हा तुमच्या हेडसाहेबांनी, डॉ. खांबेट्यांनी, विभागाच्या कागदावर, शिक्का मारून, आनंदीबाईला लिहावं की कोपरा आम्ही कापला, बघणारा कोणीही फसला असता. चार ओळी पुरतील. मार्गशीर्षात तुम्ही चौघे पाहणीला आलात तेव्हा त्यांनी माझ्याकडे सोलकढीच्या पाच वाट्या प्यायल्या. चार ओळी जड जाऊ नयेत.

तुझी आजी
जानकी


॥ श्री ॥
तोंडवळी
रविवार, २१ मार्च १९६५

पत्र पोचलं. एक महिना लागला, तोही दोन पानांना. बातमी लवकर कशी पोचवावी हे तुम्ही मुलांना शिकवता असं तूच मला सांगितलं होतंस.

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

कोपरा कापला म्हणजे गठ्ठ्यात सगळी कार्डं एका बाजूला तोंड करून बसतात, उलटं कार्ड चटकन दिसतं, अमेरिकेत असंच करतात. समजलं. मी मास्तरांना सांगितलं, तेही म्हणाले युक्ती चांगली आहे. युक्ती वाईट आहे असं मी म्हटलंच नव्हतं.

बैठक झाली म्हणतोस. चौघांची. हेड म्हणाले, विद्यापीठाने लिहून दिलं तर उद्या कोणी कोर्टात नेईल. ते तुमचे आगटे, पूर्वी वर्तमानपत्राचे संपादक होते ते, म्हणाले की सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहणार नाही. आगटे माझ्या पडवीत खाटेवर आडवे पडून चहा मागत होते तेव्हाच मी ओळखलं होतं, ह्या माणसाच्या लक्षात काही राहत नसणार. विमलाबाई रुईकर म्हणाल्या की माफी मागावी, आणि ते कोणी टिपून घेतलं नाही. त्या बाईला विळीवर बसता येत नव्हतं, तरी तिने पाच नारळ खवले. बोटं कापून घेतली पण उठली नाही.

आणि तू काय म्हणालास? दोन पानांत चौघांपैकी तिघांचं बोलणं आहे. चौथा बैठकीला होता की बाहेर उभा होता?

आता माझं ऐक. तुझा बाप गेला तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. कार्ड तुझ्या हातात आलं होतं. मी खळ्यात भात वाळत घालत होते, तू धावत आलास आणि म्हणालास, "आजये, हेचो कोपरो खंय गेलो?" मी तुझ्या हातातून काढून घेतलं आणि तुला विहिरीवर नेलं. ते तू विसरला असशील तर विसरलो म्हणून लिही. पण कोपऱ्याचा अर्थ ठाऊक नव्हता असं मला लिहू नको. तू तसं लिहिलं नाहीस, आडून लिहिलं आहेस, "विभागाला कल्पना नव्हती." विभागात तू येतोस की नाही?

मार्गशीर्षातली गोष्ट मी काढणार नव्हते. हेडसाहेबांनी विचारलं, ह्या कोण, तेव्हा तू म्हणालास, "इथल्या आजी. वाडीची पत्रं ह्याच वाचून दाखवतात." मी चौघांना सारखीच पानं वाढली. लाज वाटली असेल, मी तुला विचारलं नाही. विमलाबाईंनी जाताना मला नमस्कार केला आणि तुझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "सरांचं नाक तुमच्यावर गेलंय." म्हणजे चौघांपैकी एकीला बघता येतं.

हेडसाहेबांनी त्या दिवशी मला बरंच विचारलं. किती वर्षं वाचता. तीस. किती शिकलात. तिसरी, चौथीत काढलं. वाचताना काही बदलता का. बदलते, म्हटलं, बापाने पोराला शिव्या लिहिल्या असल्या तर पोरासमोर वाचत नाही, आणि बोटीवरून नवऱ्याने बायकोला जे लिहिलेलं असतं ते सासूसमोर वाचत नाही. हे त्यांनी फार आनंदाने लिहून घेतलं.

सुभद्राची बातमी. वालावलीला भावजय तिला भात कांडायला लावते, ते काही नाही, काम सगळ्यांनाच असतं. पण देवळातल्या सप्त्याला तिला ओटी भरायला बसवलं नाही. हातात बांगडी नाही, कपाळाला कुंकू आहे, अशी बाई कुठल्या ओळीत बसवायची ते त्यांना कळेना. तिने स्वतःच मालवणहून कासार बोलावून बांगड्या भराव्यात तर आनंदीबाई म्हणते, "माज्या हाताशिवाय भरल्यान तर कायमचीच ती." बाळाचं पत्र तीन महिने नाही. ते आलं नाही तोवर आनंदीबाई रोज थोडी जास्त कडक होते.

कागद हवा. शिक्क्याचा. हेडना पुन्हा विचार.

जानकी


॥ श्री ॥
तोंडवळी
रविवार, २२ ऑगस्ट १९६५

तुझा लेख छापून आला हे मला विमलाबाईंकडून कळावं, तुझ्याकडून नाही. तुमच्या विभागाचं त्रैमासिक त्यांनी टपालाने धाडलं. वर तुझं नाव, मोठ्या टाइपात. "किनारपट्टीवरील खेड्यात मृत्युवार्तेचे ग्रहण : एक अभ्यास." लेख फार वाखाणला गेला आणि तुझं रीडरच्या जागेसाठी नाव पुढे गेलं आहे, असंही त्यांनी लिहिलं. अभिनंदन करायचं तर लेख वाचून करावं म्हणून मास्तरांना बोलावलं.

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

मास्तरांनी पहिल्यापासून वाचलं. गावाचं नाव नाही, ते बरं केलंस. तक्ता आहे. किती कार्डं, किती चुली, किती वाजता कोणाला काय कळलं. वेळा बरोबर आहेत, मी कळवलेल्याच आहेत. धोंडूची आई "उत्तरदात्री क्रमांक नऊ" झाली आहे. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "पयली कोण?"

मग दोन वाक्यं आली. मास्तर थांबले, मी म्हटलं पुन्हा वाचा. एक, "या प्रथेची विभागातील कोणालाही पूर्वकल्पना नव्हती." दुसरं, "एका विवाहितेने भीतीच्या भरात कार्ड न वाचताच स्वतःच्या बांगड्या फोडून घेतल्या."

दोन्ही खोटी आहेत. पहिलं तुझं आहे. दुसरं माझं.

सुभद्राने बांगड्या फोडल्या नाहीत. मी फोडल्या.

आता कशा ते लिहिते, लेखात घालता येईल. कार्ड पदरात घेऊन ती माझ्याकडे आली, वाडी येते तशीच. म्हणाली, "आजये, वाच गो." मी हातात घेतलं. मला हाताचं अक्षर लागतं. छापील बारीक टाइप गेली दोन वर्षं लागत नाही, मुंग्या दिसतात. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण छापील कार्ड वाडीत येतंच कुठे. पुढच्या बाजूला पत्ता टाइप केलेला, अक्षर जरा ठळक, त्यात "बाळा कुबल" एवढं लागलं. मागे उलटलं, ओळीत "वारल्याची" लागलं. मधलं काही लागलं नाही. बायकांची नावं घालताना नवऱ्याचं नाव मधे घाल, नाहीतर दोन सुभद्रांत घोटाळा होईल, हे वाडीतल्या नावांची यादी देताना मीच तुला सांगितलं होतं. ते तेव्हा आठवलं नाही. बोट बुडली असेल असं गंगारामाला म्हणाले होते तीही मीच. पहिल्या पत्रात "कोणीतरी" लिहिलं आहे.

डोळ्यांना लागत नाही, मास्तरांकडे ने, असं म्हणायला हवं होतं. चार शब्द. नाही म्हटले. तिला पायरीवर बसवली, दोन्ही हात दगडावर धरले आणि फोडल्या. तिने हात सोडवले नाहीत. मी वाचलं आहे असं तिला वाटलं. बांगड्यांच्या कडेचा गोठ काढला तेव्हा मनगटाला लागलं, थोडं रक्त आलं, मी पदराने पुसलं. मास्तर आले तेव्हा आम्ही दोघी तिथेच बसलो होतो.

पोरीने सहा महिने कोणाला सांगितलं नाही. सासूने विचारलं तेव्हाही ती म्हणाली, "फुटली." ती वालावलीला जाताना गाडीपर्यंत सोडायला मी गेले होते. तिने मला एवढंच विचारलं, "आजये, तुका दिसणा नाय?" मी म्हटलं, दिसतं. त्यानंतर तुला पत्र लिहिलं आणि हेडसाहेबांचा कागद मागितला. कागद आला असता तर माझं सांगायचं राहून गेलं असतं. म्हणून मागत होते.

लेख वाचून झाल्यावर मास्तर त्रैमासिक घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी मी उठून आनंदीबाईकडे गेले. सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"सा म्हयने खंय होतंस?"

"घरात."

"आता गणपतीची चवथ आठ दिवसार इली, पोरीक आणूक व्हयी, म्हणान सांगतंस."

"खरा तां सांगतंय."

"खरा तां छापून इला. मास्तरांनी माकाय वाचून दाखवलां. तुज्याच नातवान लिवलां, सुनेन आपणच फोडल्यान म्हणान. छापलेला खोटा कसा आसात, वयनी? तो बातमीचो मास्तर, नि तुका 'का' नि 'फा' दिसणा नाय असा तूच सांगतंस. मी कोणाचा धरू?"

ह्यावर उत्तर तुझ्याकडे असेल तर बघ.

तिचं एक बरं, ती दाराशी आली आणि म्हणाली, "छापणारो खोटा म्हणालो, तर मी आपण वालावलीक जातंय. कासाराक घेवन." बोलली ते करते. गेली चाळीस वर्षं मी तिच्याशी भांडते आहे, शब्द फिरवलेला पाहिला नाही.

परवा कासार वाडीत येऊन गेला. बाया रांगेने हात पुढे करून बसल्या. माझ्याकडे हल्ली कार्ड वाचायला कोणी येत नाही, मास्तरांकडे जातात. बरोबर आहे. मीही तेच केलं असतं.

बाळाचं पत्र मात्र आलं, पंधरा दिवसांमागे. बोट दुरुस्तीला अडकली होती, माणूस धडधाकट आहे, दिवाळीला येतो. आनंदीबाईने त्याला काहीच कळवलेलं नाही. येईल तेव्हा घरात बायको नसेल, आणि का नाही हे त्याला आईच्या तोंडून कळेल, हातात तुझा छापलेला लेख असेल. बाळा वाईट नाही. पण बायकोने आपल्या नावाच्या बांगड्या घाईने फोडल्या हे छापून आलेलं पाहिल्यावर चांगला माणूसही दोन दिवस गप्प बसेल, आणि त्या दोन दिवसांत वालावलीला कोण जाईल?

आता तुझ्या वाक्याचं. विमलाबाईंनी त्रैमासिकात चिठ्ठी घातली होती. त्यांनी तुझी तक्रार केली नाही, उलट तू फार मेहनत घेतलीस असं लिहिलं. पण तुझ्याबद्दल एक ओळ आहे. छापखान्यातून कार्डाचा नमुना आला तेव्हा हेडसाहेबांनी तो टेबलावर फिरवला. आगट्यांनी पाहिला नाही. विमलाबाईंनी पाहिला, त्यांना काही ठाऊक नव्हतं. "सरांच्या हातात तो बराच वेळ होता. कापलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग पुढे दिला."

म्हणजे तेव्हा तुला आठवलं. आठवूनही बोलला नाहीस. का ते मी ताडू शकते. साहेब म्हणतील, हा खेड्यातल्या खुळ्या समजुती घेऊन आला. ज्याने "इथल्या आजी" म्हटलं त्याला हेही म्हणता येणार नाही, हे मला कळतं. तू टेबलावर जे केलंस तेच मी पायरीवर केलं. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय दिसत नाही, ते चार माणसांत सांगायची आपल्या दोघांची तयारी नव्हती. मी सत्तरीची आहे आणि तिसरी शिकलेली, म्हणून मला सूट मागत नाही. तुलाही देत नाही.

तर आता काय करायचं ते लिहिते.

आनंदीबाई कुबलला पत्र लिहायचं. त्यात लिहायचं की कोपऱ्याचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता, नमुना माझ्या हातात आला होता, मी बोललो नाही. आणि लिहायचं की सुभद्राने बांगड्या फोडल्या हे मी न विचारता छापलं, त्या माझ्या आजीने फोडल्या. माझी आजी, असंच. इथली आजी नाही. नाव घाल. मग हेच दोन्ही पुढच्या अंकात छापायचं, कारण आनंदीबाई पत्रावर विश्वास ठेवील पण बाळाला छापलेलंच दाखवायला हवं. रीडरची जागा जाईल तर जाईल. तुला शिकवता येतं, दुसरीकडे शिकवशील. सुभद्राला दुसरं घर नाही.

पत्र मला धाडू नको. मी ते वाचणार नाही, वाडीसमोर मास्तर वाचतील, आनंदीबाईच्या खळ्यात. दिवाळीच्या आधी पोचलं पाहिजे, बाळाच्या आधी पोचणार नसेल तर फाडून टाक.

आणि टाइप करून नको. हेडसाहेबांनी सही करू नये, विमलाबाईंनी तुझ्या वतीने गोड शब्दांत लिहू नये, आगट्यांनी तर बोटही लावू नये. तुझ्या हाताच्या अक्षरात, तूच उत्तर द्यायचं.

जानकी